आठ महिन्यांची मुलगी, दंडघेर ११.२, आईबाप ऊसतोडीला: हेळसांड म्हणून कळवायचं की आधी उपचार?

सेविका_कृष्णाकाठ

साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) बीडकडची टोळी उतरली आहे. त्यात आठ महिने पूर्ण झालेली एक मुलगी आहे. गावाकडचं माता-बाल संरक्षण कार्ड आईने जपून आणलंय, म्हणून मागची वजनं मिळाली. जन्माचं २.४ किलो, पाचव्या महिन्यात ५.०, सहाव्यात ५.२, सातव्यात ५.३ आणि आता आमच्या काट्यावर पुन्हा ५.३. दंडघेर ११.२ सेंमी.

आईबाप पहाटे चारला फडावर जातात, यायला दुपारचे तीन वाजतात. गाडी भरायची असेल तर रात्रही होते. तोवर बाळ नऊ वर्षांच्या बहिणीकडे. निम्मं पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीने तीन वेळा, मधे चहात बुडवलेली चारेक ग्लुकोज बिस्किटं. आई अंगावर पाजते, पण पहाटे आणि रात्रीच.

गावातले लोक म्हणतात, आईबापच बेफिकीर, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा. आई म्हणते, चौदा दिवस दवाखान्यात बसले तर खाडे पडतील, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल कशी फिटणार? मला विचारायचंय ते असं: आधी काय तपासू, एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) पाठवणं सक्तीचं आहे का, आणि याला कायद्याने हेळसांड म्हणतात का?

आहारतज्ज्ञ_एनआरसी

ताई, वजनं लिहून टाकलीत हे बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. आठ महिन्यांच्या मुलीचं मध्यम वजन ७.९ किलो असतं आणि उणे तीन एसडीची (प्रमाण विचलनाची) रेघ ५.६ वर येते. म्हणजे ती अतितीव्र कमी वजनात आहेच. पण उपचाराचा निर्णय वयानुसार वजनावर करू नका. तो दंडघेर, उंचीनुसार वजन आणि सूज या तीन गोष्टींवर होतो. दंडघेर ११.५ च्या खाली, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. यातलं एकच निकष पुरतो, तिन्ही जुळायची वाट बघू नका.

तरी एकदा पुन्हा मोजा. डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य हात दुमडून काढायचा आणि खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. पट्टी कातडीत रुतली तर ११.८ चं ११.२ दिसतं, सैल राहिली तर उलटं. वजन कपडे काढून, काटा शून्यावर आणून घ्या. थंडीत स्वेटर-टोपीसकट घेतलेलं वजन दोन-तीनशे ग्रॅमने फसवतं, आणि इथे तर महिन्याची सगळी वाढच १०० ग्रॅम आहे. लांबी झोपवून घ्यायची आणि त्याला दोन माणसं लागतात. एकटीने घेतलेल्या लांबीवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

सूज पाहायची ती दोन्ही पावलांवर. अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर वजन-दंडघेर काहीही असो, थेट भरती. सुजेचं पाणी वजनात धरलं जातं, त्यामुळे असं बाळ काट्यावर ठीक दिसतं आणि गालही भरलेले दिसतात. नेमकी हीच मुलं नजरेतून सुटतात.

मग भुकेची चाचणी. ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला किलोमागे ३० ते ३५ मिलि कॅच-अप (झीज भरून काढणारा) आहार देऊ करायचा, किलोमागे २५ मिलिच्या वर घेतला तर भूक चांगली. तुमच्या बाळासाठी हे गणित असं: समोर ठेवायचं साधारण १६० ते १८५ मिलि, पास व्हायला १३२ च्या वर. उपकेंद्रात नर्सताईंसमोर करा, आईने मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने भरवावं, शांत जागी, आधी दोन तास काही दिलेलं नसावं. जबरदस्ती नको. अनोळखी माणसांच्या घोळक्यात रडून नाकारलं तर ती नापास चाचणी नव्हे, थोड्या वेळाने पुन्हा करा.

चाचणी पास, सूज नाही, आजार नाही, तर ग्राम बाल विकास केंद्रातून म्हणजे अंगणवाडीतच उपचार होऊ शकतात. नापास झाली किंवा आजार असला तर एनआरसी.

आता आहार. बाळाच्या पोटात सध्या काय जातंय ते मांडून बघा. दिवसाला ४५० मिलि पातळ दूध, त्यात खरं दूध २२५, म्हणजे सुमारे १५० उष्मांक. चार बिस्किटांचे ८०-९०. अंगावरचं दूध दोन वेळचं, अंदाजे सव्वाशे-दीडशे. बेरीज चारशेच्या आत. या वजनाला नुसतं नेहमीसारखं वाढायलाच सव्वाचारशे लागतात, आणि झीज भरून काढायला किलोमागे १५० च्या पुढे, म्हणजे ८०० हून जास्त. वजन पडतही नाही आणि चढतही नाही याचं कारण तेच आहे.

५.३ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण १६० मिलि घेतं. तेवढ्यात पाणी भरलं की भूक भागते, बाळ रडायचं थांबतं, बहिणीला वाटतं पोट भरलं. म्हणून दाटपणा महत्त्वाचा. चमचा तिरका केला तर खिमट सरकावं, ओघळू नये.

कोपीत चुलीवर होईल असं: ज्वारी किंवा बाजरी तीन भाग, मूगडाळ एक भाग, शेंगदाणे एक भाग, सगळं वेगवेगळं भाजून बारीक पीठ. आठवड्याचं एकदम करून डब्यात ठेवता येतं. एका वेळी ३० ग्रॅम पीठ म्हणजे तीन मोठे चमचे, १० ग्रॅम गूळ, सव्वाशे मिलि पाण्यात शिजवायचं, उतरवल्यावर एक छोटा चमचा तेल. सुमारे २०० उष्मांक होतात. तेलाच्या एका चमच्यात ४५ उष्मांक आहेत आणि त्याने घोटही वाढत नाही. लहान बाळाला तेल पचत नाही ही समजूत फार घट्ट बसलीय, तिच्याशी भांडावंच लागतं. शेंगदाण्याचं पीठ अगदी बारीक हवं, भरड राहिलं तर घशात अडकतं. काळपट, बुरशी आलेले किंवा कडू दाणे फेकून द्या, त्यातलं विष यकृतावर जातं. वर्षाच्या आत मध नको.

पण हे खिमट म्हणजे सॅमवरचा उपचार नव्हे. बाळ आजारी असेल तर दोन दिवस हे भरवून बघू, असं करू नका.

बालरोग_ग्रामीण

वरच्या मजकुरात उपचाराची बाजू जोडतो.

आजच्या आज पाठवायचं कधी? बाळ काही ओढत किंवा गिळत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला असेल, हलवूनही मलूल असेल, श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, ताप, जुलाब, तळवे पांढरेफटक, किंवा काखेतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर. यातलं शेवटचं कुणी तपासत नाही. सॅमच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, उसाच्या रानात पहाटे गारठा असतो, आणि गार पडलेलं बाळ शांत झोपल्यासारखं दिसतं. जंतुसंसर्ग असूनही या मुलांना ताप येईलच असं नाही. म्हणून ‘ताप नाही, म्हणजे ठीक’ हा निष्कर्ष इथे चालत नाही.

पाठवताना रिकाम्या पोटी पाठवू नका. बाळ गिळत असेल तर ५० मिलि उकळून कोमट केलेल्या पाण्यात शीग लावून एक छोटा चमचा साखर, चमच्याने हळूहळू. रक्तातली साखर ५४ च्या खाली गेली तर मेंदूला इजा होते, आणि वाटेतल्या दोन तासांत ती घसरू शकते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, डोक्याला टोपी. वाटेत अंगावर पाजत राहायचं.

नेहमी होणाऱ्या चुका. पहिली, खासगी दवाखान्यात ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन. या मुलांचं हृदय झिजलेलं असतं, जास्तीचं पाणी आणि मीठ सोसत नाही. शिरेतून द्रव द्यायचा तो शॉकमध्ये असेल तरच, तोही मोजून. जुलाब असतील तर तोंडाने चमच्या-चमच्याने. दुसरी, लगेच लोहाचं औषध. एरवी सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलि सिरप हा नियम बरोबर आहे, पण सॅमच्या पहिल्या टप्प्यात ते थांबवतात, कारण संसर्ग चालू असताना मोकळं लोह जंतूंच्याच कामी येतं. भूक आली, वजन चढू लागलं की सुरू. तिसरी, पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घालणं. उपाशी शरीराला एकदम रतीब लावला की क्षारांचा तोल जातो आणि बाळ दगावू शकतं.

म्हणून एनआरसीत सुरुवात एफ-७५ या उपचाराच्या दुधाने होते. १०० मिलिला ७५ उष्मांक, प्रथिनं मुद्दाम कमी. किलोमागे दिवसाला १३० मिलि, दर दोन तासांनी. तुमच्या बाळाला एका वेळी ५५ ते ६० मिलि, रात्रीही. आईला सांगून ठेवा की पहिले दोन-चार दिवस वजन वाढणार नाही, सूज असती तर उलट उतरलं असतं. हे आधी सांगितलं नाही की तिसऱ्या दिवशी ‘इथे काही फरक नाही’ म्हणून बायका बाळ घेऊन निघून जातात. त्यांचं तरी काय चुकलं? पुढे जास्त उष्मांकाचं एफ-१००, तेव्हा किलोमागे दिवसाला १० ग्रॅमच्या वर वाढ चांगली, ५ च्या खाली असेल तर काहीतरी बिनसलंय. सुटी साधारण १५ टक्के वाढीवर, म्हणजे ५.३ चे ६.१ किलो झाल्यावर.

हेळसांडीच्या प्रश्नालाही याचा उपयोग आहे. वॉर्डात मोजून भरवल्यावर वजन सरळ चढलं तर शरीर ठीक होतं, अन्न पोचत नव्हतं. मोजून भरवूनही चढलं नाही तर क्षयरोग, एचआयव्ही, हृदयाचा दोष, लघवीचा संसर्ग, टाळूचा किंवा गिळण्याचा दोष शोधावा लागतो. हे व्हायच्या आधी आईवर बोट ठेवणं म्हणजे तपासणीआधी निकाल. तिला पुन्हा दिवस गेलेत का, तेही विचारा, दूध कमी होण्याचं ते एक कारण असतं.

रोखठोक_बोलतो

सगळं मान्य. पण त्याच टोळीतली इतर बाळं गुटगुटीत असतात, मग हेच का? मोबाइलचा रिचार्ज होतो, संध्याकाळी दारूची बाटली येते, आणि बाळाला पाणी घातलेलं दूध? गरिबीच्या नावाखाली सगळंच माफ करायचं का?

बालसंरक्षण_जिल्हा

माफ करायचं नाही, पण नीट विचारायचं. ‘इतर बाळं’ बघताना एक गोष्ट मोजा: त्या कोप्यांमध्ये आजी सोबत आलीय का? टोळीत जिथे म्हातारं माणूस मागे राहतं तिथे बाळाला दिवसा वाटी मिळते. इथे दिवसभर बाळ सांभाळणारी स्वतःच मूल आहे. नऊ वर्षांच्या पोरीला चूल पेटवून खिमट शिजवता येत नाही, येऊही नये. ती बाटली धरू शकते, म्हणून बाटली आहे.

आता कायदा. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ मुलाशी क्रूरपणे वागण्याबद्दल आहे, त्यात मारहाण, सोडून देणं यांच्याबरोबर हेतुपुरस्सर दुर्लक्षही येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावर सगळं अडतं. सोडून देण्याबाबत तर कलमातच म्हटलंय की जन्मदात्यांवर ती वेळ त्यांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीने आली असेल तर ते हेतुपुरस्सर मानायचं नाही. आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे. अंगावर पिणारं बाळ आईपासून तोडून शिशुगृहात नेलं तर त्याचं एकमेव चांगलं अन्न बंद होतं, ते वेगळंच.

तर विचारायचं ते असं. बाळाला काय हवं हे आईबापाला कुणी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ते करणं त्यांच्या हातात होतं का? वाट मोकळी करून दिल्यावरही नकार दिला का? आणि याच घरात दुसरं मूल नीट खाऊन-पिऊन आहे का? शेवटचा प्रश्न कानाआड करू नका. मोठा मुलगा ठणठणीत आणि धाकटी मुलगी सुकलेली, दूध त्याच्या वाटीत आणि चहा हिच्या, असं दिसलं तर गरिबीचं कारण पुरत नाही.

धोक्याची लक्षणं असूनही घरचे ठाम नकार देत असतील, अंगावर चटके, वळ किंवा न जुळणाऱ्या जखमा असतील, बाळ कुणाच्याही नजरेशिवाय तासन् तास एकटं असेल, किंवा झोपवून ठेवायला अफू किंवा खोकल्याचं औषध पाजत असतील, तर वाट न बघता १०९८ आणि बालकल्याण समिती. दारूचंही तसंच. बाप पितो म्हणून तक्रार होत नाही, पिऊन बाळाच्या दुधाचे पैसे उडवतो किंवा आईला दवाखान्यात जाऊ देत नाही, ही तक्रार आहे.

१०९८ म्हणजे फक्त पोलीस नव्हे हेही गावाला सांगा. मदत मागायलाही तोच नंबर. नोंद करताना विशेषणं टाळा. ‘आई निष्काळजी’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला सकाळी ११ वाजता बाळ ९ वर्षांच्या बहिणीजवळ, बाटलीत पातळ दूध, आई फडावर, दंडघेर ११.२, दाखल होण्याचा सल्ला दिला, आईचं उत्तर असं’ एवढं लिहा. पुढे प्रकरण कुठेही गेलं तरी हीच नोंद उपयोगी पडते.

आणि ती बहीण? तिची शाळा बुडतेय. साखरशाळा किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत तिला दाखल करून घेणं हेही याच कामात धरा. त्यासाठी दिवसभर बाळ कुठे राहणार हे आधी ठरवावं लागेल, नाहीतर ती चार दिवसांत परत कोपीवर दिसेल.

फडावरची_आशा

एनआरसी ‘सक्तीची’ नाही, पण आईचा नकार बहुतेक वेळा मुकादमाचा नकार असतो. म्हणून आधी हिशेब समजून घ्या. नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. ती गेली की अर्धा कोयता उरतो आणि खाडा उचलीत चढतो. आईला एकटीला समजावून काही होत नाही. बाप, मुकादम आणि कारखान्याच्या गट ऑफिसचा माणूस, तिघांना एकत्र बसवा. सरपंच किंवा ग्रामसेवक सोबत असले तर चिटबॉयही (कारखान्याचा फडावरचा माणूस) नीट ऐकतो. मागायचं ते नेमकं मागा: चौदा दिवस बाप अर्ध्या कोयत्यावर काम करेल, आईच्या गैरहजेरीचा खाडा लावायचा नाही. एनआरसीत आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, ती रक्कम कितीची आहे ते दवाखान्यातून विचारून त्याच बैठकीत सांगा. नुसतं ‘सरकार पैसे देतं’ म्हणालात तर कुणी हलत नाही.

बाटली थांबवायची तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. निघण्याआधी साडेतीनला दोन्ही बाजूंनी पाजणं, मग हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध पिळून झाकून ठेवणं. साध्या हवेत चार तास ते चालतं, पहिली भूक त्यावर निघते. दिवसभर छाती दाटून राहिली की दूध आटत जातं, म्हणून फडावरही आडोशाला मधे एकदा पिळून टाकायला सांगा. फड कोप्यांपासून जवळ असेल त्या दिवशी बाळ फडावर आणून पाजलं तरी चालेल, पण बाळाला वाढ्यांच्या ढिगाच्या सावलीत झोपवू नका. साप-विंचू आणि मागे येणारी ट्रॉली, दोन्हींचा धोका आहे. वरचं दूध द्यायचंच तर पाणी न घालता, उकळून, वाटी-चमच्याने.

तुमच्याकडे तिची नोंद पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर) स्थलांतरित म्हणून करून घ्या. ती झाली नाही तर ना तुमच्याकडचा आहार, ना गावाकडचा, दोन्हीकडून बाळ गळतं.

सेविका_कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दंडघेर पुन्हा घेतला, नर्सताईंनीही घेतला, ११.२ च. सूज नाही, ताप नाही, श्वास ४२. भुकेची चाचणी उपकेंद्रात केली. ९० मिलि घेतलं आणि तोंड फिरवलं. तासाभराने पुन्हा दिलं तर तेवढंही नाही. मोठा भाऊ कुणी नाही, दोघी मुलीच. उद्या सकाळी मुकादमाशी बोलणं ठरलंय, गट ऑफिसचा माणूस येतो म्हणालाय.

आहारतज्ज्ञ_एनआरसी

मग प्रश्न सुटला. ९० म्हणजे किलोमागे १७ मिलि, नापास. वरून ठीक दिसलं तरी भूक मरणं हे आतल्या संसर्गाचं लक्षण धरतात. हे बाळ ग्राम बाल विकास केंद्रात ठेवू नका, एनआरसीतच पाठवा, आणि उद्याची बैठक लांबली तरी पाठवणं लांबवू नका. रात्री दर दोन तासांनी अंगावर पाजायला सांगा.

बरोबर द्यायचं: माता-बाल संरक्षण कार्ड, तुमची चिठ्ठी (दंडघेर, वजन, किती मिलि घेतलं, किती वाजता), आईचं आधार आणि बँक पासबुक. खातं नसेल तर ते आधीच कळवा, बुडीत मजुरी तिथे अडते. आई-बाळाचे चार जोड कपडे, शाल. मोठी मुलगी एकटी मागे राहणार असेल तर तिला आईबरोबर राहू देतील का, हे फोन करून विचारा. तिच्यामुळे बऱ्याच बायका अर्ध्यातून परततात.

सुटीनंतर दर पंधरा दिवसांनी असे चार पाठपुरावे असतात. पहिले दोन तुमच्याकडे होतील, पण हंगाम संपून टोळी परतली तर उरलेले गावाकडे. म्हणून त्यांच्या गावच्या सेविकेचा नंबर आजच कार्डावरून काढून ठेवा, आणि सुटीच्या कागदाचा फोटो दोघींकडे असू द्या. नऊ महिने झाले की गोवर-रुबेला आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस येतो. तो एनआरसीत दिला गेलाय का हे कागदावर बघून मगच द्या, दोनदा होता कामा नये.

सेविका_कृष्णाकाठ

पासबुक गावाकडे राहिलंय म्हणते. पोस्टाचं खातं इथे उघडून चालेल का?

फडावरची_आशा

चालेल, आधारला जोडलेलं असलं की झालं. पण खात्यासाठी थांबू नका, आधी दाखल करा, पासबुकची प्रत नंतर देता येते. गावाकडून कुणी पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला तर तेही दाखवून बघा.